प्रकरण सातवे : बस्त्याची गाठ

१. जानेफळच्या माणसाचा प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात जानेफळ नावाचे मोठे गाव आहे. तेथील शेतकऱ्यास जन्माच्या दाखल्यासाठी किंवा घराच्या उताऱ्यासाठी ग्रामपंचायतीत, शेताच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे, त्याहून मोठ्या कामासाठी मेहकरला आणि मेहकरातही न सुटलेल्या कामासाठी बुलढाण्यास जावे लागते. बुलढाण्याच्याही वर विभागीय आयुक्तांची कचेरी अमरावतीस आहे, हे त्याला ऐकून माहीत असते, परंतु तेथवर जाण्याची वेळ येऊ नये अशी त्याची मनोमन प्रार्थना असते. आयुष्यभर या पायऱ्या चढून-उतरून थकलेला असा एखादा गृहस्थ पारावर बसून जो प्रश्न विचारतो, त्यापेक्षा नेमका प्रश्न प्रशासनशास्त्राच्या ग्रंथांतही सहसा सापडत नाही. तो म्हणतो, “साहेब चांगला आला की कचेरी सुधरते, अन् साहेबाची बदली झाली की पुन्हा जशीच्या तशी होते. माणसं तीच, खुर्च्या त्याच, मग हे असं काऊन होते?”

या प्रश्नाला मिळणारी नेहमीची उत्तरे दोन. एक असे की कारकून मुळात आळशी असतो आणि साहेबाचा धाक असेतोवरच हलतो. दुसरे असे की साधने अपुरी आहेत, संगणक द्या म्हणजे सर्व काही सुरळीत होईल. या दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जो कारकून कचेरीत एक कागद शोधण्यास आठ दिवस लावतो, तोच गावच्या हरिनाम सप्ताहाच्या समितीवर असला म्हणजे हजार पानांच्या पंगतीचा शिधा, वर्गणी, उसनी आणलेली भांडी आणि परत करावयाच्या सतरंज्या यांचा हिशेब पैशापैचा जुळवून काल्याच्या दिवशी संध्याकाळी सर्वांसमक्ष वाचून दाखवतो. तेथे त्याच्यावर साहेब नसतो आणि संगणकही नसतो. तेव्हा आळस हा त्याचा स्वभावधर्म आहे असे मानणे धाडसाचे होईल. सप्ताहात त्याला काहीतरी मिळते जे कचेरीत मिळत नाही, आणि कचेरीत त्याच्याकडून काहीतरी मागितले जाते जे सप्ताहात कोणी मागत नाही. ते काय, याचा उलगडा झाल्याखेरीज वरील प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

२. दफ्तर दोन ठिकाणी असते

प्रथम दफ्तर म्हणजे काय ते पाहू. सामान्य समजूत अशी की कपाटात, फडताळात आणि रुमालात बांधून ठेवलेले कागद म्हणजे दफ्तर. परंतु आपल्या घरातल्या आजीच्या स्वयंपाकघराची आठवण केली तर ही समजूत किती अपुरी आहे हे ध्यानी येईल. फळीवर एकसारखे पितळी डबे ओळीने मांडलेले असतात, त्यांवर चिठ्ठी म्हणून नसते, आणि तरी अंधारातसुद्धा आजीचा हात नेमका मेथीच्या डब्यावर पडतो. डब्यांतले जिन्नस हे दफ्तर आहेच, पण कोणत्या डब्यात काय आहे हे आजीच्या डोक्यातले ज्ञान हेही दफ्तरच आहे, आणि पहिले दुसऱ्यावाचून निरुपयोगी आहे. डब्यांवर चिठ्ठ्या नाहीत तोपर्यंत घर आजीवाचून चालत नाही. ही गोष्ट आजी बोलून दाखवीत नाही, परंतु तिला ती पुरती ठाऊक असते.

वऱ्हाडातील पटवाऱ्याची गोष्ट याहून वेगळी नव्हती. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे रयतवारी जमाबंदी झाली. गावपातळीवर हा सारा कारभार पटेल व पटवारी यांच्या हातून होई, आणि ही कामे घराण्यांत पिढीजात चालत. गावचे कागद बस्त्यात बांधलेले असत आणि बस्ता पटवाऱ्याच्या ताब्यात असे. कोणाच्या बांधावरून कोणता तंटा कधी मिटला, कोणत्या नोंदीमागे खरी विक्री होती आणि कोणत्या नोंदीमागे केवळ गहाण, हे कागदावर अर्धे आणि पटवाऱ्याच्या डोक्यात अर्धे. बस्त्याची गाठ सोडणे कोणालाही साधले असते, परंतु सोडल्यानंतर त्यातले वाचता येणे हे पटवाऱ्याचेच काम होते.

पुढे पिढीजात हक्क गेले. १ जानेवारी १९६३ पासून महसुली पटेलाचे पद कायद्याने संपुष्टात आले आणि पगारी तलाठी हा गावच्या दफ्तराचा धनी झाला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने साऱ्या राज्यास एकच पद्धती लागू केली. तरीही आमच्याकडे खेड्यात तलाठ्याला आजतागायत पटवारीच म्हणतात. २०२४ साली शासनाने तलाठ्यास ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नामाभिधान दिले, आणि त्याच वर्षी ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे एक पद केले. नावे बदलून कारभार बदलू पाहण्याचा मोह नवा नाही. ज्या जिल्ह्यात जिजाऊंचे सिंदखेड आहे त्या जिल्ह्यातील वाचकास शिवछत्रपतींनी करविलेल्या राज्यव्यवहारकोशाची आठवण येथे व्हावी. फारशी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द योजण्याचा तो भव्य उपक्रम होता, त्यामागे स्वराज्याची स्पष्ट दृष्टी होती, आणि तरी फडणीस, चिटणीस आणि कारकून ही मंडळी तीनशे वर्षांनंतरही आपल्या जिभेवर ठाण मांडून आहेत.

हे विषयांतर झाले, पण अगदीच अस्थानी नव्हे. ग्रामपंचायत असो वा पंचायत समिती, कोणत्याही कचेरीतील सुधारणा, तिचे नाव काहीही असो, अखेर एकच गोष्ट मागते : कारकुनाच्या डोक्यातले दफ्तर कागदावर किंवा यंत्रात उतरवून द्या. म्हणजे आजीने डब्यांवर चिठ्ठ्या लावून द्याव्यात.

३. गठ्ठ्यांचे गणित

आता एक लहानसे उदाहरण सोडवू. आकडे कल्पित आहेत, परंतु हिशेब खरा आहे.

समजा, एका कचेरीतील एका मेजावर रोज १२ अर्ज येतात आणि रोज १२ अर्ज निकालात निघतात. कपाटात तुंबलेले कागद मोजले तर २४० भरतात. अर्जदाराने ‘माझे काम कधी होईल?’ असे विचारले तर उत्तर काढण्याची रीत सोपी आहे : तुंबलेल्या कागदांना रोजच्या निपटाऱ्याने भागावे. २४० भागिले १२, म्हणजे २० दिवस. नवे साहेब येतात आणि हुकूम काढतात की सर्वांनी रोज एक तास अधिक बसावे. त्यामुळे रोज १२ ऐवजी १३ कागद निघतात असे धरले, तर तुंबारा दररोज अवघा एकाने कमी होईल आणि तो संपण्यास कामाचे २४० दिवस, म्हणजे जवळजवळ पुरे एक वर्ष लागेल. तोवर कारकून थकलेला असेल आणि साहेबाच्या बदलीचा हुकूमही बहुधा येऊन पडलेला असेल.

दुसरी रीत अशी. चार दिवस काम थोडे मंदावले तरी चालेल, पण ते २४० कागद जमिनीवर पसरा आणि निवडा. निवडल्यावर असे दिसते की ७० प्रकरणे केव्हाच निकालात निघालेली आहेत, परंतु ती कपाटातून कोणी हलविलीच नाहीत. ८० प्रकरणांत मेहकर किंवा बुलढाण्याहून उत्तर यावयाचे आहे. ४० कागद म्हणजे दरमहा किंवा दर तिमाहीस पाठवावयाची विवरणे आणि कायम हाताशी ठेवावयाची शासकीय परिपत्रके. १० कागद नाश करण्याच्या योग्यतेचे. उरली ४०, आणि कारकुनाने स्वतः हात घालावा अशी जिवंत प्रकरणे ती एवढीच. ४० भागिले १२ म्हणजे साडेतीन दिवसही नाहीत. ज्या अर्जदाराला आपण वीस दिवस सांगत होतो, त्याचे काम खरे म्हणजे चौथ्या दिवशी होण्यासारखे होते. वाटेत जी ८० प्रकरणे अडली आहेत त्यांस स्मरणपत्रे हवीत, कारकुनाचा जादा तास त्यांच्या कामी येणारा नाही.

आपल्या राज्यातील कचेऱ्यांत ‘सहा गठ्ठा पद्धती’ म्हणून जी ओळखली जाते ती हीच निवड : चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नाश करावयाचे कागद, असे सहा गठ्ठे. अभिलेखांचेही वर्ग ठरलेले आहेत. अ वर्गातील कागद कायम जतन करावयाचे, ब वर्गातील ३० वर्षे, क वर्गातील १० वर्षे, क-१ मधील ५ वर्षे आणि ड वर्गातील एक वर्ष. पुणे विभागात चंद्रकांत दळवी आयुक्त असताना ‘झिरो पेंडन्सी’ या नावाने जी मोहीम निघाली आणि पुढे राज्यभर गेली, तिचाही पाया हाच होता : आधी निवड, मग रोजचे काम रोज.

परंतु या उदाहरणातली मेख आकड्यांत नाही. ती या प्रश्नात आहे की कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात जाणार हे सांगणार कोण? साहेब सांगू शकत नाहीत, ते मागच्या महिन्यात आले. बारनिशीतली नोंद सांगू शकत नाही, तीत फक्त कागद आला एवढेच लिहिलेले आहे. ते सांगू शकतो एकटा तो मेजावरचा कारकून, आणि त्याने मनावर घेतले नाही तर सत्तर मृत प्रकरणांपैकी निम्मी तो सहज ‘चालू’ म्हणून बाजूला ठेवू शकतो. तसे केल्याचे कोणाला कळणारही नाही.

४. अहमदनगरची कचेरी

हे प्रत्यक्षात कोणी करून दाखविले आहे काय, असे वाचक विचारील. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगर जिल्ह्याचे (आताच्या अहिल्यानगरचे) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीत जी पुनर्रचना केली ती ‘लखिना पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर प्रसिद्ध पावली, आणि शासनाने ती इतर कचेऱ्यांनाही लागू केली. तिच्यात नवी यंत्रे नव्हती, तो काळ संगणकाचा नव्हताच. कागदांची निवड झाली, अभिलेख कक्षातील दफ्तर हुडकता येईल असे लावले गेले, प्रत्येक मेजावर कोणते काम व ते कोणत्या नियमान्वये याची टिपणे हाताशी आली, बसण्याच्या जागा बदलल्या, आणि चौकशीसाठी येणाऱ्यास दारोदार हिंडावे लागू नये अशी सोय झाली.

लखिना पॅटर्नविषयी जे बोलले जाते ते बहुधा कपाटे, फलक आणि आसनव्यवस्था यांविषयी. मला त्यातला अधिक महत्त्वाचा भाग वेगळा वाटतो. मेजावर टिपण आले म्हणजे कारकुनाला ‘हे करू का?’ असे विचारण्यास वरच्या माणसाकडे जावे लागत नाही. त्याच्या डोक्यातले दफ्तर कागदावर गेले खरे, परंतु त्या बदल्यात त्याला निर्णयाची थोडी मोकळीक मिळाली. एका हाताने घेतले आणि दुसऱ्या हाताने दिले. जेथे हे देणे-घेणे झाले तेथे पद्धती रुजली. जेथे केवळ कपाटांना रंग दिला गेला आणि भिंतीवर फलक लागले तेथे ‘लखिना’ हा शब्द कचेरीतील जुन्या मंडळींच्या तोंडी थट्टेचा विषय होऊन राहिला. पुढे निघालेल्या अनेक मोहिमांचीही गत अशीच झाली. २०२५ च्या आरंभी राज्य शासनाने कार्यालयीन सुधारणांची शंभर दिवसांची मोहीम हाती घेतली, तिच्यात स्वच्छता, संकेतस्थळ, तक्रारनिवारण, कार्यालयातील सोयी, क्षेत्रीय भेटी अशी कलमे होती. शंभर दिवसांत कपाटे लावून होतात, कारकुनाचा विश्वास संपादन करण्यास मात्र शंभर दिवस क्वचितच पुरतात.

५. कारकून कशाला भितो

आता आपण या प्रकरणाच्या गाभ्याशी आलो आहोत, आणि येथे थोडे रेंगाळणे इष्ट होईल.

सुधारणेला कारकुनाचा विरोध असतो असे म्हणतात, ते पुरते खरे नाही. तो विरोध करीत नाही, भितो. विरोध आणि भय यांवरचे उपाय भिन्न आहेत. विरोधकाशी युक्तिवाद करता येतो, भ्यालेल्या माणसाशी युक्तिवाद करून काही साधत नाही.

त्याचे पहिले भय प्रतिष्ठेचे. पंचवीस वर्षे एका मेजावर काढलेल्या माणसाला ‘अण्णा, तो बहात्तर सालचा ठराव कुठं असेल हो?’ असे साहेबाने येऊन विचारावे, आणि त्याने चष्मा कपाळावर सारून तिसऱ्या कपाटाच्या खालच्या खणाकडे बोट दाखवावे, यात त्याच्या साऱ्या नोकरीचे सार्थक सामावलेले असते. त्याचा पगार तेवढ्याच सेवेच्या आणि कितीतरी कमी जाणत्या माणसाइतकाच आहे. बढतीही ज्येष्ठतेने मिळते, ज्ञानाने नव्हे. तेव्हा त्याच्या ज्ञानाची जी काही किंमत त्याला आजवर मिळाली ती या विचारण्यातच मिळाली. यादी करून दिली की उद्यापासून कोणी विचारणार नाही. यावर इलाज एकच, तो फुकटचा आहे आणि तरी फार थोडे साहेब तो करतात. यादी त्याच्या हाताने करवून घ्यावी, तिच्यावर त्याचे नाव घालावे, आणि नव्या माणसांना ती शिकविण्याचे काम त्यालाच द्यावे. ज्याला विचारत असत त्याला गुरुजी करावे. सप्ताहाच्या समितीत त्याला जे मिळत होते ते हेच. तेथे हिशेब वाचून दाखविताना सारा गाव ऐकत होता.

दुसरे भय जुन्या चुकांचे, आणि ते पहिल्याहून कितीतरी गंभीर आहे. हस्तलिखित सातबारा संगणकात घालण्याचे काम राज्यभर चालले तेव्हा ही गोष्ट ठळकपणे समोर आली. वाचकांच्या माहितीसाठी एवढे सांगतो की सातबारा म्हणजे एकच कागद नव्हे. गाव नमुना ७ यात जमीन कोणाची आणि हक्क कोणते याची नोंद, आणि गाव नमुना १२ यात त्या जमिनीत पीक कोणते याची नोंद, या दोहोंचा जोड म्हणजे सातबारा. हक्कातील बदल प्रथम नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत उतरतो आणि तेथून सातबाऱ्यावर येतो. आता पिढ्यान्‌पिढ्या हाताने नक्कल होत आलेल्या वहीत कोठे एखाद्या वारसाचे नाव उतरवून घेण्याचे राहिले, कोठे गुंठ्याचा अंक चुकला, कोठे फेरफार मंजूर झाला पण सातबाऱ्यावर चढलाच नाही. कागद बस्त्यात होता तोवर या चुका निवांत झोपलेल्या होत्या. संगणकाने क्षेत्राची बेरीज मागितली आणि त्या एकदम जाग्या झाल्या. हस्तलिखित आणि संगणकीय उताऱ्यांची रुजवात घेताना, आणि २०१७ साली चावडीवर उतारे मोठ्याने वाचून दाखविण्याची मोहीम निघाली तेव्हा, अशा चुका उजेडात येणे अपरिहार्य होते, किंबहुना त्यासाठीच ती मोहीम होती.

परंतु चूक उघडकीस आली की कचेरीत पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘दुरुस्त कशी करायची’ हा नव्हे, ‘कोणी केली’ हा. करणारा बहुधा निवृत्त झालेला असतो, कधी दिवंगतही. सापडतो तो आज त्या खुर्चीवर बसलेला. ज्याने प्रामाणिकपणे चूक दाखविली त्याच्याच हातात कारणे दाखवा नोटीस पडली, असे एकदा जरी तालुक्यात घडले तरी बातमी वणव्यासारखी पसरते, आणि दुसऱ्या दिवसापासून तालुक्यातल्या एकाही दफ्तरात चूक सापडत नाही. साहेब समाधान पावतात की काम स्वच्छ आहे.

यावर उपाय कायद्यातच आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेली चूक, दुरुस्त करण्याची तरतूद केलेली आहे. कायदा स्वतःच मान्य करतो की माणूस लिहिताना चुकतो. सुज्ञ अधिकाऱ्याने सुधारणेच्या प्रारंभीच एक मुदत जाहीर करावी, समजा तीन महिन्यांची, आणि सांगावे की या मुदतीत जो आपल्या दफ्तरातली चूक आपण होऊन दाखवील त्याला विचारणा होणार नाही. मुदतीनंतर बाहेरच्या तपासणीत सापडलेली चूक मात्र ज्याच्या ताब्यात दफ्तर आहे त्याची. येथे एक सावधगिरी हवी. चूक वेगळी आणि लबाडी वेगळी. पैसे खाऊन घातलेली नोंद हा लेखनप्रमाद नव्हे, तिला कोणतीही मुदत माफ करू शकत नाही. चुकीला क्षमा करता करता लबाडीलाही चादर पांघरण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे, आणि तिच्यामुळेच क्षमेची बदनामी झाली आहे.

तिसऱ्या भयाविषयी फार लिहीत नाही, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. संगणक आला, आता आपले काय होणार? अनुभव असा की काम कमी होत नाही, दुप्पट होते. वही लिहावयाची ती लिहावयाचीच आणि वर यंत्रातही भरावयाचे. हा दुहेरी बोजा किती दिवस चालणार, आणि वही कोणत्या तारखेस बंद होणार, हे लेखी सांगावे. तारीख न सांगता ‘काही दिवस दोन्ही करा’ म्हणणाऱ्या साहेबावर पुढे कोणी विश्वास ठेवीत नाही.

६. एका छपराखाली तीन घरे

नोकरवर्गाची मोठी उलथापालथ झालेला आणखी एक प्रसंग वऱ्हाडाने पाहिला आहे. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने प्रत्येक तहसिलीस एक जनपद सभा स्थापन झाली. स्थानिक स्वराज्याचा तो एक विलक्षण प्रयोग होता. १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला, वसंतराव नाईक समितीने १९६१ च्या मार्चमध्ये आपला अहवाल दिला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. चौदा वर्षांत तीन व्यवस्था! मेहकरच्या एखाद्या कारकुनाने न हलता, त्याच गावी राहून, तीन निरनिराळ्या धन्यांचे वेतन घेतले असणार.

नव्या जिल्हा परिषदेत जनपदाची माणसे आली, विकास गटाची आली, आणि शिक्षण, आरोग्य, बांधकाम, शेती अशा शासकीय खात्यांतूनही आली. एकाच छपराखाली तीन घरांची माणसे नांदू लागली म्हणजे चुलीवरून कुरबुर होतेच. कोणाची ज्येष्ठता कोठून मोजावयाची, कोणाच्या रजेचे नियम कोणास लागू, जनपदातला मुख्य कारकून इकडे कोणत्या पायरीवर, असे प्रश्न निघाले नसते तरच नवल. या प्रश्नांना साहेब लोक ‘क्षुद्र’ म्हणतात. परंतु सुनेला सासरी आल्यावर पहिल्याने कळावयास हवे असते ते आपली ट्रंक कोठे ठेवायची. संसाराचे ध्येय तिला मागाहून सांगितले तरी चालते. दोन कचेऱ्या जोडताना पुनर्रचनेचा उदात्त हेतू समजावून सांगणाऱ्या भाषणाआधी ज्येष्ठता यादी प्रसिद्ध व्हावी, हा क्रम ज्याने उलटा केला त्याच्या भाषणास टाळ्या मिळतील, सहकार्य मिळणार नाही.

७. कायम आणि कंत्राटी

आज जानेफळसारख्या गावच्या ग्रामपंचायतीत शिरले की ही तीन घरे वेगळ्या रूपाने दिसतात. ग्रामपंचायत अधिकारी हा जिल्हा परिषदेचा नोकर. वसुली कारकून, नळ सोडणारा, शिपाई, झाडू मारणारे हे ग्रामपंचायतीचे नोकर. त्यांच्यापैकी काहींना पुढे जिल्हा परिषदेच्या नोकरीत दहा टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळण्याची आशा असते. आणि कोपऱ्यात संगणकापुढे बसलेला ‘आपले सरकार सेवा केंद्रा’चा संगणकचालक हा मानधनावरचा, कंत्राटी. नमुना ८ ची आकारणी नोंदवही, नमुना ९ ची मागणी, नमुना १० ची पावती असे एकूण ३३ नमुने आता ग्रामपंचायतीस ठेवावे लागतात, आणि ते यंत्रात भरणारा माणूस या घरात सर्वांत तरुण, सर्वांत कमी हक्काचा आणि सर्वांत अधिक आवश्यक असा असतो.

आपण वर पाहिलेली गोष्ट येथे गमतीदार रीतीने उलटते. पूर्वी डोक्यातले दफ्तर म्हाताऱ्या कारकुनाकडे होते. आता परवलीचा शब्द, म्हणजे यंत्राची किल्ली, या कंत्राटी मुलाकडे आहे. त्याने मानधन थकल्यामुळे एक दिवस येणे बंद केले तर दाखला मागणाऱ्याला सांगावे लागते, ‘पोरगा आला नाही.’ २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत न दिल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. दंड ज्याला व्हायचा तो यंत्र चालवीत नाही, आणि यंत्र जो चालवितो त्याला दंडही नाही आणि वेतनवाढही नाही. बस्ता गेला, कापड गेले, गाठ तेवढी शिल्लक राहिली. तरुण चालकाला वहीतले बारकावे म्हाताऱ्याने शिकवावे आणि म्हाताऱ्याने यंत्राची तोंडओळख पोराकडून करून घ्यावी, अशी जोडी लावून देणारा ग्रामपंचायत अधिकारी मोठे काम करतो. पण ही जोडी जमावी असे वाटत असेल तर त्या मुलाचे मानधन महिन्याच्या महिन्यास निघावे लागते, आणि तो उपाय गावाच्या हाती नसतो.

८. चार्ज

राहिला साहेबाचा प्रश्न. २००५ साली राज्याने एक कायदा केला, तो १ जुलै २००६ पासून अमलात आला. कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कामातील विलंबास प्रतिबंध असे दोन विषय त्याच्या एकाच नावात गुंफलेले आहेत. एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षे, आणि एका कर्मचाऱ्याकडे एक धारिका सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे तो म्हणतो. विलंब आणि बदली यांचे नाते ओळखणाऱ्याने ते नाव ठेवले असले पाहिजे. तीन वर्षांत पहिले वर्ष कचेरी समजण्यात जाते, दुसऱ्यात सुधारणा होते, तिसऱ्यात ती मुरावयाची तो बदलीचे वारे वाहू लागतात. कर्मचारी हे गणित साहेबापेक्षा चांगले जाणतात. ‘हे साहेब आणखी आठ महिने,’ असे म्हणून ते गठ्ठ्यांवरील चिठ्ठ्या गोंदाने न डकवता टाचणीने लावतात.

एका तालुक्याच्या ठिकाणी, एका कचेरीत, निवृत्त होणाऱ्या अव्वल कारकुनाला आपला चार्ज देताना मी पाहिले आहे. चार्जाच्या यादीत कपाटाच्या किल्ल्या तीन, रबरी शिक्के पाच, शाईची पेटी एक, नोंदवह्या सत्तेचाळीस, आणि भिंतीवरचे घड्याळ, बंद, एक, असे सारे लिहिलेले होते. दोघांच्या सह्या झाल्या, साहेबाची प्रतिस्वाक्षरी झाली, नारळ आणि शाल झाली. मंडळी चहाला उठली तेव्हा त्या गृहस्थांनी खिशातून एक दोनशे पानी वही काढली. तिच्यात कोणत्या गावचा कोणता जुना कागद कोणत्या खणात, कोणत्या प्रकरणात बुलढाण्याहून काय उत्तर यायचे आहे, आणि कोणत्या नोंदीवर विश्वास ठेवू नये, हे त्यांनी गेली कितीतरी वर्षे शिसपेन्सिलीने लिहून ठेवलेले होते. ती यादीत नव्हती. तिचा कोणता नमुना, कोणता वर्ग, हे कोणत्याच नियमात नाही. क्षणभर त्यांनी ती हातात धरली आणि मेजावर त्यांच्या जागी आलेल्या मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, “काका, तुम्ही आठ दिवस येऊन बसाल का माझ्यापाशी? मले यातलं काहीच समजत नाही.”

ते दुसऱ्या दिवशी साडेदहालाच आले, आणि येताना पेन्सिलीने लिहिलेले शाईने करण्यासाठी नवी वही घेऊन आले.